वेगवान मोटारीचे टायर : उष्ण व पावसाळी प्रदेशातील निवड

बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून लाल केलेली लोखंडी धाव चढवितात आणि तिच्यावर पाणी ओततात. धाव आकसते व चाकाला घट्ट आवळून धरते. लाकूड झिजू नये एवढेच तिचे काम असते. मोटारीच्या चाकावरील रबरी धावेला, म्हणजे टायरला, ह्याहून पुष्कळ अधिक कामे करावी लागतात. गाडीचा भार वाहणे, रस्त्याचे धक्के शोषून घेणे, एंजिनाची ओढ रस्त्यापर्यंत पोचविणे, वळणावर गाडीला बाहेर फेकली जाऊ न देणे आणि ब्रेक लावताच तिला रोखणे, ही सर्व कामे टायरकडे असतात. ती तो जेवढ्या जागेवर करतो ती जागा फार लहान असते. १४०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीच्या चाकांत दर चौरस इंचास ३३ पौंड दाबाची हवा असेल, तर साध्या भागाकाराने असे दिसते की, चारही चाके मिळून जमिनीला सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर टेकतात. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला एका पोस्टकार्डाएवढी जागा येते. गाडी कितीही मोलाची असो, तिचा रस्त्याशी असलेला संबंध ह्या चार पोस्टकार्डांपुरताच असतो.

ह्या जागेची पकड कमीअधिक झाल्याने काय घडते ते आकड्यांवरून स्पष्ट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांनी एकाच क्षणी ब्रेक दाबले, आणि एकीच्या टायरांचा रस्त्याशी घर्षणांक १.० व दुसरीचा ०.७ आहे असे समजू. पहिली सुमारे ३९ मीटरांवर थांबते. दुसरीला ५६ मीटर लागतात. फरक १७ मीटरांचाच आहे असे कोणी म्हणेल. परंतु पहिली गाडी ज्या ठिकाणी उभी राहिली, त्या ठिकाणाहून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अद्याप ताशी ५५ किलोमीटर असतो. त्या ठिकाणी एखादी बैलगाडी किंवा शाळेतून परतणारी मुले असतील, तर दोन टायरांतील फरक किती मोठा आहे हे निराळे सांगावयास नको.

पापनाशमचा रस्ता

टायरची निवड हवेत होत नसते. ती एखाद्या रस्त्यासाठी व एखाद्या हवामानासाठी करावयाची असते. म्हणून येथे तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्याचे पापनाशम हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी स्थापिलेली भोसल्यांची गादी तंजावरास १८५५ पर्यंत होती. त्यामुळे हा मुलूख मराठी वाचकांस अपरिचित नाही. पापनाशम तंजावरपासून सुमारे २५ व कुंभकोणमपासून सुमारे १५ किलोमीटरांवर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. त्याच्या एकशेआठ शिवलिंगांच्या देवालयाची ख्याती आहे. जवळच तिरुपालैतुरै येथे नायक राजांच्या काळातील भाताचे प्रचंड कोठार उभे आहे. प्रदेश सपाट, कालव्यांनी विणलेला आणि भातशेतीचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांस पाणी किंवा चिखल असल्यामुळे, घसरलेल्या गाडीला सावरावयास मोकळी जागा थोडी असते.

येथील हवामानाची दोन रूपे टायरच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. मे महिन्यात, ज्यास तेथील लोक अग्निनक्षत्रम् म्हणतात त्या दिवसांत, हवा चाळिशीच्या आसपास जाते आणि काळा डांबरी रस्ता हवेहून पुष्कळ अधिक, साठ अंशांच्या घरात तापतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो. वर्षाच्या पावसाचा मोठा भाग ह्या तीन महिन्यांत पडतो आणि तोही पुष्कळदा थोड्या तासांत कोसळतो. कडाक्याची थंडी मात्र येथे ठाऊक नाही. जानेवारीच्या पहाटेही पारा विसाच्या आसपासच असतो.

‘उन्हाळी’ ह्या शब्दाचा अर्थ

स्पोर्ट्स मोटारींच्या टायरांच्या सूचीपत्रकांत ‘उन्हाळी टायर’ असा शब्द आढळतो. तो वाचून हा टायर केवळ कोरड्या, कडक उन्हासाठी असावा असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाही. हा शब्द युरोपात रूढ झाला. तेथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडते व त्यासाठी वेगळे टायर बसवितात. त्यांच्यापासून वेगळे ओळखता यावेत म्हणून इतरांस उन्हाळी म्हणू लागले. हवा ७ अंश सेंटिग्रेडच्या वर असताना हे टायर वापरावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या अर्थाने पापनाशमास बारा महिने उन्हाळाच आहे, आणि ऑक्टोबरचा मुसळधार पाऊसही उन्हाळी टायरच्याच कक्षेत येतो. हिवाळी टायरचे मऊ रबर येथे उन्हाने अधिकच मऊ होईल, लवकर झिजेल व वळणावर डळमळेल. बारमाही म्हणून विकले जाणारे टायर बर्फाचाही थोडा विचार करून बनविलेले असल्याने, येथील गाडीमालक कधीही न लागणाऱ्या गुणाची किंमत पकडीच्या रूपाने मोजतो. कडेला हिमकणाचे चिन्ह असलेला टायर ह्या प्रदेशासाठी नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

मऊ रबर का पकडते?

रबराची पकड दोन मार्गांनी निर्माण होते. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणमात्र चिकटतात व सुटतात. हा पहिला मार्ग. दुसरा असा की, रस्त्यातील खडीच्या टोकांवर रबर दबते, पण सुटताना पूर्वस्थितीवर तत्काळ येत नाही. दबताना घेतलेल्या शक्तीचा काही भाग ते उष्णतेच्या रूपाने गमावते, आणि हीच तूट गाडीला रोखून धरते. १९६३ साली के. ए. ग्रॉश ह्या शास्त्रज्ञाने रबराचे घर्षण व त्याचा हा सुस्त लवचीकपणा ह्यांतील संबंध निरनिराळ्या वेगांवर व तापमानांवर प्रयोग करून दाखविला. रबर फार थंड झाले तर काचेसारखे ताठ होते व पकड जाते. फार तापले तर नको तेवढे ढिले पडते. प्रत्येक मिश्रणाची उत्तम काम करण्याची एक मर्यादित उष्णता असते.

ह्यातून एक पेच उत्पन्न होतो. शक्ती गमाविणारे रबर चांगले पकडते, पण चाक फिरताना ते सतत शक्ती गमावीतच राहिले तर इंधन अधिक लागते व टायर तापतो. ह्यावर रसायनशास्त्राने उपाय काढला. टायरचे रबर काळे दिसते ते त्यात मिसळलेल्या काजळीमुळे. तिने रबर बळकट होते. १९९२ पासून मिशेलिन कंपनीने काजळीच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले. सिलिका रबराशी जोडण्यासाठी सिलेन नावाच्या संयुगाचा सांधा लागतो. अशा मिश्रणात ओल्या रस्त्यावरील सूक्ष्म व जलद दबण्यात शक्ती पुष्कळ गमावली जाते, परंतु चाकाच्या मंद व मोठ्या वाकण्यात थोडीच गमावली जाते. त्यामुळे ओल्यातील पकड वाढूनही टायर कमी तापतो. २०१४ साली गुडइयर कंपनीने भाताच्या तुसाच्या राखेतून काढलेली सिलिका टायरांत वापरण्याचे जाहीर केले. कावेरीकाठच्या भातगिरण्यांबाहेर जो तुसाचा ढीग पडतो, त्याच जातीच्या पदार्थातून वेगवान गाडीच्या टायरचा एक घटक मिळू शकतो ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे.

पाणी बाहेर कसे जाते?

रबर कितीही उत्तम असो, त्याचा रस्त्याशी स्पर्शच झाला नाही तर त्याचा उपयोग नाही. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे आणि २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने त्यातून जात आहे असे समजू. त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १५ लिटर, म्हणजे बादलीभर पाणी बाजूला सारावे लागते. टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचा ह्या पाण्याचे पाट असतात. पाटांतून पाणी वेळेवर निघाले नाही तर ते टायरच्या पुढे दाटते, पाचरीसारखे खाली शिरते आणि चाक उचलले जाते. मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

अमेरिकेतील लँग्ली येथे वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर ह्यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ साली ह्या घटनेचा एक साधा नियम मांडला. पौंडांतील हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून त्यास १०.३५ ने गुणिले असता, चाक ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागते तो वेग ताशी मैलांत मिळतो. ३३ पौंड हवा असेल तर हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. हवा २५ पौंडांपर्यंत उतरली असेल तर ८३ किलोमीटर. मोटारीच्या रुंद टायरला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, आणि पाणी खाचांत मावेनासे झाले तरच तो लागू होतो. तथापि त्यातील बोध खरा आहे. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि झिजलेल्या टायरच्या खाचांत पाणी थोडेच मावते. नव्या टायरच्या खाचा साधारणतः ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. भारतीय कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरांहून उथळ असता कामा नये. ही मर्यादा दाखविणारे रबराचे लहान उंचवटे खाचांच्या तळाशी ठेवलेले असतात. परंतु कायद्याची ती अखेरची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे. नक्षी ३ मिलिमीटरांवर आली की ईशान्य पावसापूर्वी टायर बदलणे शहाणपणाचे.

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर उपकारक असला, तरी पाण्यात त्याच्यापुढील काम वाढते हेही येथेच सांगितले पाहिजे. म्हणून रुंदी वाढविण्यापेक्षा, परिघाभोवती सरळ जाणाऱ्या तीन-चार रुंद खाचा व त्यांतून बाहेर काढणारे आडवे पाट असलेली नक्षी निवडावी.

उष्णता व हवेचा दाब

फिरता टायर प्रत्येक फेऱ्यात एकदा दबतो व एकदा सुटतो, आणि दर वेळी थोडा तापतो. हवा कमी असेल, भार अधिक असेल किंवा वेग फार असेल तर दबणे वाढते. अतिवेगात टायरच्या टेकलेल्या भागामागे रबराची एक लाटच उभी राहते. ती विरण्याच्या आतच पुढील दाब येतो. रबर उष्णतेचे मंद वाहक असल्याने आतील उष्णता बाहेर पडत नाही, थर एकमेकांपासून सुटू लागतात व अखेर टायर फुटतो. बाहेरचा रस्ता साठ अंशांचा असेल तर ही वेळ लवकर येते.

ह्यामुळे हवा कमी ठेवणे हा उन्हाळ्यावरील उपाय नव्हे, उलट ते एक संकट आहे. तापलेल्या टायरमधील दाब वाढतो हे खरे. ३० अंशांवर ३३ पौंड भरलेली हवा ६० अंशांवर सुमारे ३७ ते ३८ पौंड होते. परंतु ही वाढ कारखान्याने आधीच हिशेबात धरलेली असते. ‘हवा फुगली’ म्हणून ती सोडणाऱ्या चालकाला दुसऱ्या दिवशी पहाटे टायर उपाशी आढळतो. दुपारी ४५ अंश तापलेल्या टायरमध्ये ३३ पौंड मोजून भरले, तर पहाटे २५ अंशांवर ते ३० च उरतात. हवा नेहमी गाडी निघण्यापूर्वी, टायर गार असताना मोजावी, आणि दाराच्या चौकटीवरील पत्रकात दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

टायरवरील अक्षरे

दुकानात गेल्यावर निवड टायरच्या कडेवरील अक्षरांवरून करावयाची असते. ‘२२५/४५ झेडआर १७ ९४ डब्ल्यू’ हे उदाहरण घेऊ. २२५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ४५, अर्थात सुमारे १०१ मिलिमीटर. आर हे अक्षर त्रिज्येच्या दिशेने धागे घातलेल्या बांधणीचे असून, झेड हे अक्षर ताशी २४० किलोमीटरांहून अधिक वेगाची क्षमता दर्शविते. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ९४ हा भारांक. तो एका टायरला ६७० किलोग्रॅम भार वाहता येतो असे सांगतो. अखेरचे अक्षर वेगाचे : एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटर.

तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर इतका वेग कोणी गाठणार नाही व गाठूही नये. मग ह्या अक्षराची चिंता कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर असे की, हे अक्षर उष्णता सोसण्याचीही साक्ष देते. गाडीच्या कारखान्याने ठरविलेल्या भारांकाहून व वेगाच्या अक्षराहून खालचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. काही टायरांवर अमेरिकेच्या पद्धतीची आणखी तीन मापे असतात : झिजेचा अंक, ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी आणि उष्णता सोसण्याची श्रेणी. झिजेचा अंक मोठा म्हणजे आयुष्य दीर्घ, परंतु पुष्कळदा रबर कठीण. येथे उष्णतेची ए श्रेणी आणि पकडीची डबल ए किंवा ए श्रेणी पाहावी. युरोपच्या चिठ्ठीवर ओल्यातील पकड ए पासून ई पर्यंत दाखवितात. तीत ए हीच श्रेणी शोधावी. टायरवर आय. एस. आय. चिन्ह असल्याची खात्री करून घ्यावी.

मोठ्या रिमचा मोह

पुष्कळ गाडीमालक १६ इंचांच्या रिमऐवजी १७ किंवा १८ इंचांची रिम बसवितात. २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७ ह्या दोन टायरांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच भरतो. फरक अडीच मिलिमीटरांहून कमी आहे. त्यामुळे वेगदर्शकात चूक येत नाही आणि आखूड भिंतीमुळे गाडी सुकाणूला चटकन प्रतिसाद देते. परंतु भिंत साडेअकरा मिलिमीटरांनी आखूड झाली म्हणजे खड्ड्याचा धक्का शोषावयास तेवढे रबर कमी झाले. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्याच्या काठावर चाक आदळले की टायर रिम आणि खड्ड्याची कड ह्यांत चिमटला जातो, आतील धागे तुटतात आणि बाहेर फुगवटा येतो. तसा टायर दुरुस्त होत नाही. ज्या रस्त्यांना मोऱ्या, पूल व कालव्यांचे चढउतार पदोपदी आहेत, तेथे कारखान्याने दिलेल्या मापांतील उंच भिंतीचे माप पसंत करणे श्रेयस्कर.

वय व शर्यतीचे टायर

स्पोर्ट्स मोटार सहसा रोज वापरली जात नाही. तिचे टायर झिजण्यापूर्वी म्हातारे होतात. हवेतील ओझोन, ऊन आणि उष्णता ह्यांनी रबर ताठ होते व बगलेवर बारीक भेगा पडतात. नक्षी नव्यासारखी दिसत असतानाही पकड गेलेली असते. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख असते. १८२४ म्हणजे २०२४ सालचा अठरावा आठवडा. विकत घेताना हा अंक पाहावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांपलीकडे कोणताही टायर ठेवू नये असे अनेक कारखाने सांगतात.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरविल्या आणि १९९० पासून श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे त्या क्लबचा स्वतंत्र मार्ग आहे. तेथे गाडी पळविण्याची हौस असणारे उथळ खाचांचे, अतिशय मऊ टायर वापरतात. कोरड्या मार्गावर तापल्यानंतर त्यांची पकड असामान्य असते. परंतु त्याच टायरांवर पावसात घरी परतणे म्हणजे प्रयोगशाळेतील आम्ल पाण्याच्या भांड्यात ठेवण्यासारखे आहे. हौसेसाठी चाकांचा दुसरा संच असावा व तो मार्गावरच बदलावा.

टायर जे करू शकत नाही

ऑक्टोबरच्या सुमारास कुरुवै भाताची आणि जानेवारी-फेब्रुवारीत साम्बा भाताची कापणी होते. खळ्याची जागा अपुरी पडल्याने शेतकरी भात वाळविण्यासाठी तापलेल्या डांबरी रस्त्यावर पसरतात. रबर व डांबर ह्यांच्यामध्ये गोल दाणे आले की ते छर्‍यांसारखे फिरतात. येथे सिलिका, नक्षी, वेगाचे अक्षर ह्यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. घर्षणांक ०.२५ पर्यंत उतरला असे धरले तर ताशी ८० किलोमीटरांवरून थांबण्यास सुमारे १०० मीटर लागतात; ताशी ४० वरून २५ मीटर पुरतात. वेग निम्मा केला की अंतर चौथाईवर येते. पदार्थविज्ञानाचा हा नियम सर्वांत महाग टायराहून अधिक प्राण वाचवितो.

निवडीचा सारांश पुढीलप्रमाणे आहे. माप, भारांक व वेगाचे अक्षर गाडीच्या पत्रकाप्रमाणे असावे. उन्हाळी जातीच्या टायरांतून ओल्यातील पकडीत पहिला येणारा टायर घ्यावा. कोरड्यातील वेगाचे अंश-दोन अंश कमी पडले तरी चालेल. शक्यतो चारही टायर एकाच बनावटीचे बदलावेत. दोनच बदलावयाचे असल्यास व पुढील-मागील माप एकच असल्यास नवे मागे बसवावेत, कारण मागची चाके आधी सुटली तर गाडी गरकन फिरते. बाणाची दिशा व ‘बाहेरील बाजू’ ही खूण तपासावी. नव्या रबरावरील गुळगुळीत थर निघेपर्यंत, म्हणजे पहिले काही शे किलोमीटर, गाडी सांभाळून हाकावी.

शेतकरी नांगराचा फाळ निवडताना सर्वांत भुसभुशीत जमिनीचा विचार करीत नाही. सर्वांत कठीण जमिनीचा करतो. टायरही तसाच निवडावा. मे महिन्याच्या मोकळ्या, कोरड्या सकाळी कोणताही बरा टायर गाडीला धरून ठेवील. ऑक्टोबरच्या रात्री, पाऊस पडत असताना, पुढील वळणावर दिवा नसलेली बैलगाडी उभी असताना जो धरून ठेवील, तो पापनाशमचा टायर होय.